‘रोड रॅश’ परत यायलाच हवा!
उन्हाळी सुट्टीत आम्ही भावंडं एकाच संगणकासमोर पाळी लावून बसायचो. मोटारसायकल पळवायची, शेजारच्याच्या हातची साखळी हिसकावून त्यालाच हाणायची आणि पोलिसाने गाठलं की मुकाट दंड भरायचा! पडलेला गडी गाडीकडे धावत सुटला की सारं घर हसायचं.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सची ही मालिका १९९१ साली सुरू झाली, १९९६ मध्ये विंडोजच्या संगणकावर आली आणि २००० च्या ‘जेलब्रेक’नंतर थंडावली.

आजचे खेळ कितीतरी देखणे आहेत, पण प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आहे. खेळणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून ओरडणारं घरात कुणी उरलेलं नाही. ‘रोड रॅश’ मला हवाय तो त्या आरडाओरड्यासाठी!