कण्हेरीवरील ‘हॉक मॉथ’
पेडणे, डिचोलीतील परसांत आणि देवळांच्या आवारांत कण्हेर व तगर सर्रास दिसतात. त्यांची विषारी पाने बिनदिक्कत फस्त करणारी लठ्ठ हिरवी अळी म्हणजे ‘ओलिएंडर हॉक मॉथ’ या पतंगाचे बालरूप. तिच्या शेपटीवर शिंग असते, तर डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके. डिवचल्यास ती अंग आखडून हे ‘डोळे’ वटारते आणि सापाच्या भयाने बिचारी ठेचली जाते! वस्तुतः ती दंश करीत नाही, शिंगही टोचत नाही. पुढे ती तपकिरी होऊन पालापाचोळ्यात कोषात जाते. सुमारे १० सेंटिमीटर पंखविस्ताराचा हा हिरवा-गुलाबी पतंग तिन्हीसांजेला फुलासमोर अधांतरी स्थिरावून सोंडेने मकरंद शोषतो. आफ्रिका व दक्षिण आशियातील हा रहिवासी उन्हाळ्यात युरोपपर्यंत स्थलांतर करतो.