अंटार्क्टिका: काटकसर नेमकी कुठे करावी?
अंटार्क्टिकाच्या क्रूझचा खर्च कमी करायचा तर काटकसर केबिनमध्ये आणि तारखांमध्ये करा, किनाऱ्यावर उतरण्यात नको. ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तिथे कुणालाच उतरता येत नाही. शिवाय एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० जण, हाही नियम आहे. म्हणजे मोठ्या जहाजाचं स्वस्त तिकीट काढलं, तर पेंग्विन डेकवरूनच पाहायचे! त्यापेक्षा अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून निघणाऱ्या लहान जहाजावर तिघांची सामायिक केबिन घ्या, तीही मार्चमधली. हंगाम सरताना बघायला काय उरतं, असं कुणी विचारेल. किनाऱ्यावरचा बर्फ तेव्हा मळलेला असतो हे खरं, पण देवमासे त्याच सुमारास भरपूर दिसतात. वैद्यकीय विम्यात मात्र अजिबात हात आखडू नका. तिथून रुग्णाला हलवणं प्रचंड खर्चिक असतं.