सिकलसेल आपल्याच वाट्याला का?

वडगाव, कामशेत, लोणावळा इथल्या वस्त्यांत आम्ही आरोग्यावर बोलायला जातो, तेव्हा विदर्भातून तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेल्या घरांतल्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात : सिकलसेल आपल्याच समाजाला का? जमलेलं लग्न मोडताना "यांच्या रक्तातच खोट आहे" असं कुणीतरी ऐकवलेलं असतं. त्या खोटेपणाला उत्तर विज्ञानात आहे.

तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन कसं बनवायचं, याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आपल्याला मिळते. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी प्रतीत एका अक्षराचा फरक पडला. असे फरक आपोआप पडतात, त्यामागे हेतू नसतो. हा टिकला तो मलेरियामुळे. ज्याच्याकडे एकच प्रत बदललेली असते त्याला आपण वाहक म्हणतो. त्याच्या पेशीत फाल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही, आणि शिरलाच तर ती पेशी प्लीहा लवकर काढून टाकते. जंगलपट्ट्यात तापाने लेकरं मरत, तेव्हा वाहक लेकरं जास्त वाचली. ती मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि पिढ्यानपिढ्या हा बदल पसरला. डार्विनने १८५९ साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. सिकलसेल आणि मलेरियाचं हे नातं ॲलिसन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. "शरीराने मलेरियाशी लढायला स्वतःला बदललं" असं म्हणतात, ते चूक. बदल आधी होता. मलेरियाने फक्त कोण जगणार ते ठरवलं. (वाहकालाही मलेरिया होतो. मच्छरदाणी सोडू नका.)

याची किंमत मात्र मोठी आहे. दोन्ही प्रती बदललेल्या आल्या तर मूल रुग्ण होतं. पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं, पोट, छाती असह्य दुखते, रक्त कमी होतं. अशा मुलाला मलेरियापासून संरक्षण तर नाहीच, उलट तो त्याला जास्त घातक.

म्हणजे प्रश्न जातीचा नाही, मलेरियाच्या मुलखाचा आहे. विदर्भात गोंड, माडिया, आपले बौद्ध, कुणबी, तेली, तिकडे नंदुरबारला भिल्ल, पावरा, आणि देशाबाहेर ग्रीस, सौदी अरेबियातही सिकलसेल आहे. सिंधी, लोहाणा समाजांत थॅलेसेमिया जास्त आढळतो, त्यामागेही मलेरियाच. त्यांच्या रक्तात खोट आहे असं कुणी म्हणत नाही!

जातीचा हात आहे तो दुसऱ्या ठिकाणी. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीअंतर्गत लग्नात दाखवलं. त्याच गोतावळ्यात, मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात सोयरीक होत राहिली, की दोन वाहक एकमेकांना गाठण्याची शक्यता वाढते. पोटजातीत अडकून पडलेल्या आपल्या मंडळींनी हेही ध्यानात घ्यावं.

आता मावळाचं. गडचिरोलीच्या जंगलात ज्या रक्ताने लेकरू वाचवलं, त्याला लोणावळ्यात तसं काही काम उरलेलं नाही. गाव बदललं तरी प्रत बदलत नाही. ती मुलांकडे जातच राहते, आणि इथे तिचा फायदा नाही, धोका तेवढा शिल्लक.

आपण लग्नाला पत्रिका बघत नाही, तर रक्ताचा अहवाल बघू. आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग पक्क्या निदानाला एचपीएलसी. एचपीएलसीत थॅलेसेमियाचा वाहकही कळतो, आणि ते कळायलाच हवं, कारण सिकलसेल वाहक आणि थॅलेसेमिया वाहक यांचंही मूल रुग्ण होऊ शकतं. एक वाहक आणि दुसरा दोन्ही बाबतींत निर्दोष असेल, तर रुग्ण मूल होत नाही. ती सोयरीक मोडायचं कारण नाही. दोघंही सिकलसेलचे वाहक असतील, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. गरोदरपणात लवकर गर्भाची तपासणी करता येते. जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करा.

घरात रुग्ण मूल असेल, तर इथला पावसाळा सांभाळा. भिजणं आणि गारठा यांनी वेदनेचा झटका येतो. ओले कपडे लगेच बदला, थंडीतही पाणी भरपूर पाजा, हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने बंद करू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि दारातच "मुलाला सिकलसेल आहे" हे सांगा. पुण्याकडच्या प्रत्येक दवाखान्याला हा आजार ओळखीचा असेलच असं नाही.