उसाच्या शेजारची फेसाळ वाइन

इस्लामपुरातून कृष्णा ओलांडून पूर्वेला निघालं की ऊस हळूहळू विरळ होतो आणि पलूस-तासगावच्या बाजूला द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, तेव्हा वाइन पार्कसाठी दोन जागा निवडल्या: नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे पलूस. विंचूरने जोर धरला, पलूसने तसा धरला नाही. मला ही चुकामूक फार खुपते, कारण वाइनमधला सर्वांत अवघड प्रकार महाराष्ट्राला त्याच्या कितीतरी आधी साधला होता.

तो साधला नारायणगावात. १९८०च्या दशकात उद्योजक शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या नामांकित शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी बाजारात नेली. साध्या वाइनचीही सवय नसलेल्या देशात आरंभ थेट फेसाळ वाइनने करणं हे धाडसच होतं. पुढे चौगुलेंची कंपनी आर्थिक संकटात बुडाली. पण इथल्या मातीत हे जमतं, एवढं सिद्ध झालं होतं.

तसं पाहिलं तर जमायला नको होतं. शॅम्पेनचा प्रदेश ४९ अंश उत्तर अक्षांशावरचा. तिथल्या थंडीत द्राक्ष जेमतेम पिकतं, आंबटपणा टिकतो आणि फेसाळ वाइनला तोच हवा असतो. आपण १७ ते २० अंशांवर. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करून घड हिवाळ्यात वाढवायचे, रात्रीच्या गारव्याचा फायदा घ्यायचा. बेदाण्यासाठी बागायतदार गोडी चढायची वाट पाहतो. फेसाळ वाइनसाठी मात्र ती पुरती चढण्याआधीच, ऊन तापायच्या आत काढणी उरकावी लागते. उशीर झाला की मण्यातलं आम्ल झपाट्याने उतरतं, आणि ते गेलं की वाइनचा तजेला गेला.

पुढचं काम चिकाटीचं. रस टाकीत आंबवून झालेली साधी वाइन बाटलीत भरतात, त्यात यीस्ट आणि लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालून बूच लावतात. ही साखर उसाची चालते, हे वाळव्याच्या वाचकाला मुद्दाम सांगावंसं वाटतं! बंद बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होतं, वायूला बाहेर पडायला वाट नसते, दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक. म्हणून काच जाड लागते. कित्येक महिने यीस्टच्या साक्यावर मुरल्यावर बाटल्या रोज थोड्या फिरवत उलट्या करतात, साका तोंडाशी उतरतो, तोंड गोठवून बूच काढलं की बर्फाचा खडा साक्यासकट बाहेर उडतो. कमी झालेली वाइन भरून, चवीपुरती साखर घालून, बूच तारेने आवळतात. ‘ब्रूट’ म्हणायचं तर लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी.

नाशिकला सुला ही वाइन कंपनी हे करत होतीच. २०१३ साली मोएत हेनेसीने ‘शांदों’ भारतात आणली, दिंडोरीच्या शेनिन ब्लांक, शार्दोने आणि पिनो न्वारच्या द्राक्षांवर. आपल्याकडे मात्र थॉम्पसन आणि तासगावातच निवडून काढलेली तास-ए-गणेश, म्हणजे खायच्या आणि बेदाण्याच्या जाती. हात कसबी आहेत, डाऊनी-भुरीसारख्या रोगांशी लढायचा अनुभवही आहे. पण वाइनच्या जाती लावायच्या तर पहिलं चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं, वर बाटली मुरायचा काळ, आणि या साऱ्या अवधीत कर्जाचे हप्ते. खरेदीचा पक्का करार आधी हातात दिल्याशिवाय पलूसच्या बागायतदाराने बेदाणा सोडावा, असं मी तरी म्हणणार नाही.