मूल शाळेंत केव्हां घालावें?

पूर्वीं खेड्यांत अनेकांस जन्मतारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हातीं लागला कीं नांव दाखल होई. लहानपणीं डोकें मोठें व हात आंखूड असल्यामुळें साधारण सहाव्या वर्षींच हात पुरतो. ही शरीराची परीक्षा, मनाची निराळी. मूल आईवांचून राहतें काय? गरज बोलून दाखवितें काय? गोष्ट शेवटपर्यंत ऐकतें काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि पहिलीचें वय सहा वर्षें पूर्ण हेंच ठरविलें आहे.

मोझरीच्या पालकांस विनंति कीं, शेजाऱ्याचें पाहून वय वाढवून सांगूं नये; आणि सहा वर्षें भरल्यावर धाकट्या भावंडास सांभाळण्याकरितां मुलीस घरीं ठेवूं नये. वाफशापूर्वीं पेरलेलें बीं कुजतें, वाफसा गेल्यावर पेरलेलें उगवत नाहीं.