अख्ख्या डिस्कची प्रत घेताना

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागतं. अशा गावात ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानाचा सगळा संसार एका कॉम्प्युटरवर असतो: पीकविम्याच्या पावत्या, स्कॅन केलेले सातबारे, श्रीलिपीत टाइप केलेले जुने अर्ज. फाइली पेनड्राइव्हवर घेता येतात, पण फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सेटिंग्ज मागेच राहतात. श्रीलिपीतला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता अगम्य दिसतो. म्हणून अख्ख्या डिस्कचीच प्रत घ्यावी.

तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवर चढवून कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करायचा. विंडोज बंद असल्याने कॉपी चालू असताना फाइली बदलत नाहीत. त्याआधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर शटडाउन अर्धवट होतं आणि क्लोनझिला अडून बसतं. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विजेचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर हवाच.

खरा धोका एकाच जागी आहे. डिस्कवरून डिस्कवर क्लोन करताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. पडद्यावर 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं येतात. त्यावर विसंबू नका. आकार, कंपनी आणि सिरीयल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकदम जोडू नका. ओळखक्रमांक सारखाच असल्याने विंडोज एकीला बाजूला ठेवतं.

डिस्क बदलायची नसेल, फक्त बॅकअप हवा असेल, तर मी इमेजच घ्यायला सांगेन. तिच्यात क्लोनझिला सहसा डिस्कचा वापरलेला भागच दाबून फाइलींत साठवतं, त्यामुळे एका बाहेरच्या हार्डडिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या इमेज मावतात. कालची चूक आज कळली तर परवाची प्रत हाताशी असते. इमेज झाल्यावर ती तपासायची का, असं कॉपी सुरू होण्याआधी विचारलं जातं. वेळ लागतो म्हणून ते टाळू नका.

डिस्क टकटक वाजत असेल तर क्लोनच्या भानगडीत न पडता आधी महत्त्वाच्या फाइली काढा. डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या किल्लीवर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं डोंगल वेगळं जपा, त्याचा क्लोन होत नाही. आणि त्या इमेजमध्ये गावकऱ्यांच्या आधारकार्डांचे स्कॅनही असतात, तेव्हा ती हार्डडिस्क काउंटरवर नको. कुलपात ठेवा, तेही दुकानात नव्हे, घरी.