दिसली नाही ती रेघ

शिंग हाती असलं, तर नर की मादी हा प्रश्नच उरत नाही. रेनडिअर वगळता हरणांच्या कुळात शिंगं सहसा नरालाच. आपल्याकडे सहाणेवर उगाळतात ते सांबरशिंगही नराचंच. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ दरम्यान स्टार कारची सुमारे ११,००० वर्षांपूर्वीची वस्ती खणली, तेव्हा लाल हरणाच्या कवटीपासून शिंगांसकट घडवलेले २१ मुखवटे निघाले. ते नरांचे, हे कुणालाही सांगता आलं असतं.

पण शिकाऱ्यांच्या वस्तीवर ढीग असतो तो मज्जेसाठी फोडलेल्या हाडांचा. तिथे कित्येक वर्षं जाडी मोजणाऱ्या कॅलिपरचं राज्य होतं: जाड ते नराचं, बारीक ते मादीचं. तरण्या नरापाशी हा हिशेब फसायचा, कारण त्याचं हाड थोराड मादीएवढंच भरतं. आणि शिकारी नेमके कोवळे नर टिपत होते का, हेच तर शोधायचं होतं!

१९८९ मध्ये एरिका हागेलबर्ग आणि सहकाऱ्यांनी जुन्या मानवी हाडांतला डीएनए पीसीआरने वाढवून दाखवला. (कोविडने घरोघरी पोहोचवलेला तोच पीसीआर.) पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वाय गुणसूत्रावरचं नरत्व ठरवणारं एसआरवाय जनुक सापडलं. मग काय, पीसीआरच्या चाचणीत एसआरवायची रेघ उमटली तर नर, नाहीतर मादी. या ‘नाहीतर’मध्येच खोट होती. डीएनए कुजून गेला असेल तरीही रेघ उमटत नाही. म्हणजे सडलेलं प्रत्येक हाड मादीच्या खात्यात जमा!

त्यातून सोडवलं ते दातांच्या इनॅमलशी संबंधित अमेलोजेनिन जनुकाने. ते एक्स गुणसूत्रावरही असतं, वायवरही. पण गाय-हरणांच्या वाय-प्रतीतला एक तुकडा गळालेला आहे. त्यामुळे ती आखूड भरते आणि तिची रेघ वेगळी पडते: नराच्या दोन रेघा, मादीची एक, आणि फसलेल्या चाचणीची एकही नाही. १९९४ मध्ये गुरांसाठी आणि २००५ मध्ये मेंढी व लाल हरणासाठी ही युक्ती प्रसिद्ध झाली. मला या सगळ्या प्रवासातली हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. तरी जुन्या हाडात वायची प्रत अधूनमधून हुकतेच. नर वायच्या एका स्पष्ट रेघेवर मानता येतो. मादी म्हणायची तर चाचणी पुन्हापुन्हा करावी लागते.

अलीकडे जनुकक्रमातले एक्स आणि वायचे तुकडे थेट मोजतात. मात्र डीएनएसाठी ड्रिल लावण्याआधी कॅलिपर अजूनही लागतोच. हाडाचा भुगा झाला की माप कायमचं गेलं.